नवऱ्याच्या स्वप्नातल्या बोटीवर माझी जागा कोणती?

प्रिय ताई,

आम्ही मूळचे ठाण्याचे, आता टोरोंटोत राहतो. माझा नवरा सहा वर्षं उन्हाळ्यात लेक ऑन्टारिओवर शिडाची बोट चालवतो. आता त्याने ग्रेनाडाला उभी असलेली एक ४० फुटी बोट पाहून ठेवली आहे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरपासून बिनपगारी रजा घेऊन कॅरिबियन बेटांमध्ये बोटीवरच राहायचं, असं त्याच्या मनात आहे. मुलगी दहा वर्षांची, ती आतापासून नाचतेय. मी मात्र रात्र रात्र जागी असते. त्याच्याबरोबर मी चार वेळा बोटीवर गेले, त्यात दोनदा उलट्या झाल्या. पोहता येतं, पण जेमतेम. मी शाकाहारी आहे. फोटोत सगळीकडे निळं पाणी आणि पांढरी वाळू. प्रत्यक्षात दिवस कसा जातो ते कुणी सांगत नाही. पाणी, आंघोळ, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, रात्रीचं वादळ. नाही म्हटलं तर स्वप्न मोडल्याचं खापर माझ्यावर. हो म्हटलं तर वर्षभर हलत्या ओट्यापाशी उभी मी. काय करू? तुम्ही मोठ्या आहात, मला अगं-तुगंच करा.

तुमची, ठाण्याची पण टोरोंटोतली


अगं,

पत्रात तू पाणी, आंघोळ, वादळ असं सगळं विचारलंस, पण मी पुन्हा पुन्हा थांबले ती ‘हलत्या ओट्यापाशी उभी मी’ या शब्दांपाशी. बाकीच्या भीतींना इलाज आहेत, ते सांगतेच. ही भीती मात्र अगदी रास्त आहे. बोट त्याची, नकाशा त्याचा, आणि आपण वर्षभर त्याच्या स्वप्नाला डबा पुरवायचा. मी पहिला हिवाळा असाच काढला आहे.

माझं थोडं सांगते. मी मालवणात वाढले, समुद्र अंगणात होता. तरी नवऱ्याबरोबर ३९ फुटी बोटीवर राहायला गेले तेव्हा मला तिच्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आम्ही चार हिवाळे, नोव्हेंबर ते मे, ग्रेनाडापासून मार्टिनिकपर्यंतच्या बेटांमध्ये काढले. पहिल्या आणि चौथ्या हिवाळ्यात बोट तीच होती, बेटं तीच होती. पहिल्यातून मला पळून यावंसं वाटलं, चौथ्यातून परत यावंसं वाटेना. मधल्या काळात काय बदललं तेच तुला सांगायचं आहे.

आधी दिवस कसा जातो ते.

तिथे वर्षभर सूर्य सहाच्या आगेमागे उगवतो आणि सहाच्या आगेमागेच मावळतो. वारा जवळजवळ नेहमी पूर्वेकडून. भूगोलात शिकलो ते व्यापारी वारे. म्हणून नांगर टाकायचा तो बेटाच्या पश्चिमेला, डोंगराच्या आडोशाला. नांगराच्या साखळीवर बोट स्वतःच फिरून वाऱ्याला तोंड देते. पुढच्या झडपेतून रात्रभर वारा आत येतो, आणि मागची बसायची जागा बरोबर पश्चिमेला येते. रोजचा सूर्यास्त आपल्या अंगणात. हे फोटोत दिसतं ते खरंच आहे, त्यात खोटं काही नाही.

सकाळी चहा ठेवताना मी तीन गोष्टी बघायची: बॅटरी किती टक्के उरली, टाकीत पाणी किती, आणि वाऱ्याचा अंदाज काय. मग बोटी एकमेकींशी बोलतात त्या रेडिओवर सकाळची गप्पांची वेळ. ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर ही पद्धत छान रुळली आहे. आज हवा कशी, कुणाला पंपाचा सुटा भाग हवाय, मुलांचा खेळ कुठल्या किनाऱ्यावर, भाजीला जाणारी व्हॅन किती वाजता, सगळं त्यावर कळतं. दहा ते दोन ऊन कडक, म्हणजे वीज भरपूर. पाण्याचं यंत्र, लॅपटॉप, मिक्सर सगळं त्या वेळात उरकायचं. दुपारी दुरुस्ती. रोज काहीतरी बिघडतंच, कारण खारट हवा धातूला सोडत नाही. चारनंतर पाण्यात डुंबणं, संध्याकाळी शेजारच्या बोटीवर चहा किंवा ते आपल्याकडे. नऊ वाजता सगळं बंदर झोपलेलं असतं.

शिडं उभारून समुद्रात जाणं पाच-सहा दिवसांतून एकदा. बाकीचा वेळ बोट म्हणजे नांगरावर झुलणारं वन-रूम-किचन.

पाण्याचं म्हणशील, तर मुंबईच्या चाळीत पाण्याच्या वेळा सांभाळलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. तिघांना रोज ४०-४५ लिटर पुरतात. टाकी ४०० लिटरची असेल तर नऊ-दहा दिवस निघतात. बऱ्याच बोटींवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. तत्त्व आपल्या घरच्या आरओचंच, पण दाब त्याच्या दहापटीहून जास्त, म्हणून वीजही तशीच खातं. गलिच्छ बंदरात ते चालवायचं नाही, आणि क्लोरिनचं पाणी त्यात गेलं तर आतला पडदा कायमचा जातो. आंघोळ म्हणजे समुद्रात बुडी, मागच्या पायरीवर साबण, परत बुडी, आणि शेवटी दोन लिटर गोडं पाणी डोक्यावरून. साधी साबणाची वडी खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही, भांड्यांचा द्रव साबण देतो. शेवटचं गोडं पाणी मात्र कधी चुकवू नकोस. अंगावर, टॉवेलवर, उशीच्या अभ्र्यावर मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं आणि काहीच कोरडं होत नाही. ओलसर अंथरुणाने माणसाचा जेवढा धीर सुटतो, तेवढा लाटांनी सुटत नाही.

संडासाला हातपंप असतो. कागद टाकला की तुंबतो आणि मग तो कुणीतरी हाताने उघडून साफ करायचा असतो. आपली पाण्याची सवय इथे फार उपयोगी पडते.

आता स्वयंपाक. तू शाकाहारी आहेस म्हणून घाबरलीस, तर एक सांगते: शाकाहारी मराठी बाईला या बेटांच्या बाजारात परकं वाटतच नाही. ग्रेनाडाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या बाजारात शनिवारी सकाळी जा. तिथल्या बायका ‘कॅलालू’ म्हणून जुड्या विकतात, ती आपली अळूची पानं आहेत. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथेच उभी राहून हसले, आणि त्या रात्री चिंच-गुळाचं फदफदं केलं. ‘ब्रेडफ्रूट’ म्हणजे कोकणातला नीरफणस. त्याची झाडं या बेटांवर १७९३ साली कॅप्टन ब्लायने पॅसिफिकमधून सेंट व्हिन्सेंटला आणली. काप करून रव्यात घोळवून तळलेस की मुलगी बटाटा विसरेल. नाताळच्या सुमारास लाल ‘सॉरेल’चे ढीग लागतात, ती आपली अंबाडी, ते लोक सरबत करतात, मी चटणी करायची. त्याच दिवसांत तुरीचे ओले दाणे मिळतात, भोपळा, कच्ची केळी, आलं, ताजी हळद. जायफळ तर ग्रेनाडाच्या झेंड्यावरच आहे.

आणि रोटी. १८४५ साली त्रिनिदादला आणि १८५७ साली ग्रेनाडाला उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले. त्यांची भाषा बरीचशी विरली, पण आलू, चना, दालपुरी, बैगन हे शब्द अजून तिथल्या जिभेवर आहेत. जिऱ्याला ते ‘गीरा’ म्हणतात. रोटीच्या दुकानात आलू-चन्याची रोटी बिनमांसाची मागता येते. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवणही बहुतेक शाकाहारीच असतं. तुझी उपासमार होणार नाही.

ओटा हलतो, हे खरं. शेगडी झुल्यासारखी टांगलेली असते, बोट कलली तरी ती सपाट राहते. तरीही प्रवासात स्वयंपाक करूच नये असं माझं मत आहे. आदल्या रात्री डाळ-भात कुकरला लावून झाकण तसंच ठेवायचं. आडवा पडला तरी सांडत नाही. बोटीवर कुकरसारखं दुसरं भांडं नाही. गॅस कमी, पाणी कमी, आणि उकाडा कमी, जो त्या इवल्याशा जागेत फार मोलाचा. मूग भिजत टाकले की तिथल्या उष्ण हवेत दीड दिवसात मोड येतात. भाजी संपली तरी हिरवं काहीतरी पानात पडतं. दही पाच तासांत लागतं. रवा भाजून ने, डाळी-तांदूळ घट्ट बरण्यांत भर, आणि दुकानातला पुठ्ठ्याचा खोका बोटीवर कधीही चढवू नकोस. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. एकदा का झुरळं बोटीत शिरली की महिनोन्‌महिने जात नाहीत.

गॅसबद्दल मात्र कडक राहा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात खिडकी उघडली की जातो, बोटीत तो तळाशी जाऊन साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. चूल बंद केली की सिलिंडरचा कॉकही बंद, प्रत्येक वेळी. हे मुलीलाही शिकव.

नवरा मासे खात असेल तर एवढंच: प्रवाळाजवळ राहणाऱ्या मोठ्या माशांत, विशेषतः बॅराकुडात, सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं. ते शिजवून जात नाही, चवीला कळत नाही. कुठला मासा खावा ते तिथल्या कोळ्यांना विचारूनच ठरवावं.

पहिल्या वर्षी मी हे सगळं मनापासून केलं. बाजार, मोड, दही, झुरळं, सगळं. आणि तरी मी दुःखी होते. जानेवारीत बेक्विया बेटावर ॲडमिरल्टी बेमध्ये आम्ही नांगर टाकला होता. नवरा डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, घेऊन पोर्ट एलिझाबेथ गावात गॅस आणायला गेला. दुपारचे तीन असतील. डोंगरावरून काळं काहीतरी उतरताना दिसलं आणि क्षणात वाऱ्याचा झोत आला. नाताळच्या सुमारापासून दोन-तीन महिने तिथे वारा असाच तापट असतो. बोट गर्रकन वळली, साखळी खरखरली, आणि मला दिसलं की मागची कॅटमरान, दोन सांगाड्यांची जोडबोट, आमच्या जवळ येतेय. प्रत्यक्षात आम्हीच तिच्याकडे चाललो होतो. नांगर घसरला होता.

मला इंजिन सुरू करता येत नव्हतं. किल्ली कुठे असते ते माहीत होतं, पण आधी बॅटरीचं स्विच फिरवावं लागतं हे माहीत नव्हतं. साखळी आणखी सोडायची कशी, माहीत नव्हतं. रेडिओवर कुणाला हाक मारायची आणि काय म्हणायचं, तेही नाही. मी हातात बेलन घेऊन उभी होते, कारण पीठ मळलेलं होतं. कॅटमरानवरची सत्तरीची एक फ्रेंच बाई स्वतःच्या डिंगीतून आली, चढली, दोन मिनिटांत इंजिन सुरू केलं, माझे हात धरून सुकाणूवर ठेवले आणि ‘नाक वाऱ्याकडे, हळू’ असं म्हणून पुढे साखळीपाशी गेली. नवरा परत येईपर्यंत सगळं शांत झालं होतं.

त्या रात्री मी खूप रडले. सकाळी उठून त्याला म्हटलं, महिनाभर नांगर मी टाकणार, जेवण तू करणार. तो काही बोलला नाही, कणीक मळायला बसला. पोळ्या जाड व्हायच्या. पण नांगराचं गणित मला आठवड्यात आलं. पाण्याची खोली चार मीटर, बोटीचं नाक पाण्यापासून एक मीटर वर, मिळून पाच. त्याच्या पाचपट म्हणजे २५ मीटर साखळी, वारा जास्त असेल तर आणखी. मग इंजिन उलटं चालवून नांगर वाळूत रुतवायचा आणि चष्मा लावून पाण्यात उतरून तो खरंच रुतलाय का ते डोळ्यांनी बघायचं. हिरव्या गवतात टाकायचा नाही. तिथे तो धरत नाही आणि कासवांचं खाणंही उपटलं जातं. साखळी ओढायला विजेचं यंत्र असतं, ताकदीचा प्रश्नच येत नाही. सुकाणूवर तर मुळीच नाही. म्हणून मी तुला सांगते, सुकाणू तू घे आणि साखळीपाशी त्याला पाठव. बऱ्याच बोटींवर उलटं दिसतं: नवरा सुकाणूवर उभा राहून ओरडतो आणि बायको पुढे चिखलाच्या साखळीशी झगडते. ओरडण्यापेक्षा हाताच्या चार खुणा ठरवून घ्या. वाऱ्यात शब्द ऐकूच येत नाहीत, ऐकू येतो तो फक्त सूर, आणि तो मनाला लागतो.

गंमत म्हणजे त्यानंतर मला रात्री झोप लागायला लागली. आधी बोटीचा प्रत्येक आवाज म्हणजे संकट वाटायचं. आता कळायचं, हा डोलकाठीवर आपटणारा दोर, ही खडकावर घासणारी साखळी, हा पाऊस. पाऊस आला की दोनलाही उठून झडपा लावायच्या आणि अर्ध्या तासाने परत उघडायच्या, त्याची सवय होते. फोनवर नांगराचा गजर लावता येतो. बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की ओरडतो. तो तुझ्या उशाशीही असू दे, एकट्या त्याच्या नको.

बोट लागण्याचं म्हणालीस. लेक ऑन्टारिओच्या आखूड, उभ्या लाटा पोटाला वाईट असतात, पण इथेही दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत अटलांटिकच्या मोठ्या लाटा सरळ आत येतात. डोंगराआड समुद्र तळ्यासारखा, आणि टोक ओलांडलं की दोन-अडीच मीटरच्या लाटा. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, पण पाच दिवस नांगरावर राहिलं की ती परत मोडते. गोळी आदल्या रात्रीपासून घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. कुठली ते डॉक्टरांना विचार आणि घरी एकदा घेऊन बघ, काहींनी गाढ झोप येते. निघाल्यावर आत जाऊन काही शोधू नकोस. बाहेर बस, क्षितिजाकडे बघ, सुकाणू हातात घे. हातात सुकाणू असलेल्याला बोट कमी लागते.

ग्रेनाडाहून कारियाकू बेटाला जाणं हा तिथला पहिला प्रवास असतो आणि तो वाऱ्याच्या तोंडावर असल्याने सहा-सात तास अंग पिळून काढतो. पहिल्यांदा तू आणि मुलगी सरळ प्रवासी फेरीने जा. तो दुसरा कुणी अनुभवी माणूस घेऊन बोट आणेल. यात कमीपणा काहीही नाही, आणि पहिली आठवण वाईट होत नाही.

मुलीची मला सगळ्यात कमी काळजी वाटते. ऑन्टारिओत स्कूल बोर्डाला लेखी कळवून घरी शिकवता येतं. आमच्या आसपासच्या बोटींवरची मुलं सकाळी आठ ते साडेदहा अभ्यासाला बसायची, मग मोकळी. गणित रोज, काही झालं तरी. बाकी शिकणं आपोआप होतं. ग्रेनाडा आणि कारियाकूच्या मध्ये किक-एम-जेनी नावाचा ज्वालामुखी समुद्राच्या पोटात आहे. शांत असला तरी त्याच्याभोवती दीड किलोमीटर अंतर राखून जावं लागतं. ते वर्तुळ नकाशावर तिला काढू दे. सेंट व्हिन्सेंटचा सूफ्रिएर ज्वालामुखी एप्रिल २०२१ मध्ये फुटला, त्याच्या खुणा ती डोळ्यांनी बघेल. टोबॅगो कीज या छोट्या बेटांच्या पुंजक्यात, बाराडाल बेटाजवळ कासवं चरताना दिसतात, गुडघाभर पाण्यातून. आणि रोज संध्याकाळी पाच ओळी मराठीत लिहायला लाव. माझ्या भाचीने दोन महिने आमच्याकडे राहून अशी वही भरली, ती तिने अजून जपली आहे.

नियम मात्र तीनच आणि न मोडणारे. डिंगीत आणि चालत्या बोटीवर लाइफ जॅकेट. डिंगीच्या इंजिनची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा गुडघ्याला, म्हणजे तो पडला तर इंजिन बंद पडतं. आणि किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदासारखं फळ दिसलं तर हात लावायचा नाही. ते मँचिनीलचं झाड. फळ विषारी, चीक भाजतो, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. काही किनाऱ्यांवर झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा मारलेला असतो, पण सगळीकडे नाही. तुझं पोहणंही या हिवाळ्यातच पक्कं कर. टोरोंटोत तलाव पुष्कळ आहेत.

एकटेपणा तिला येणार नाही, तुला येईल. तिला मुलं भेटतील. तुझ्या भाषेत बोलणारं तिथे बहुधा कुणी नसेल, आणि सणावाराला ते फार जाणवतं. संक्रांतीला मी तिळाच्या वड्या करून शेजारच्या सहा बोटींवर वाटल्या. हळदी-कुंकू नाही झालं, पण सहा बायका आमच्या बोटीवर आल्या आणि रात्रीपर्यंत बसल्या. सोबत बोलावल्याशिवाय येत नाही तिथे. हाक आपण मारायची.

‘वर्षभर’ या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती तू नवऱ्याला ठामपणे सांग. जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा मोसम. ग्रेनाडा दक्षिणेला आहे, तिथे वादळं क्वचित येतात असं तो म्हणेल. क्वचित हे खरं. पण सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हनने ग्रेनाडा उद्ध्वस्त केलं, जायफळाच्या बागा मुळासकट गेल्या. आणि १ जुलै २०२४ ला बेरिल चौथ्या श्रेणीचं वादळ होऊन थेट कारियाकूवर आलं. मोसम नुकता सुरू झाला होता. टायरेल बेच्या खारफुटीत आसऱ्याला नेऊन बांधलेल्या बोटींचंही नुकसान झालं. त्या बेटावरच्या लोकांची घरं गेली, त्यांच्यापुढे बोटींचं काय बोलायचं. म्हणून मेच्या अखेरीस बोट जमिनीवर चढवायची आणि तुम्ही तिघांनी घरी यायचं. सात महिने. त्यात सगळं बसतं, आणि ‘वर्षभर’पेक्षा ‘सात महिने’ हा आकडा मनाला झेपतो.

आता तुझा खरा प्रश्न, हो की नाही.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरला अवधी आहे. या थंडीत तू एकटीने, त्याच्याशिवाय, शिडाच्या बोटीचं प्राथमिक शिक्षण घे. सेल कॅनडाच्या अभ्यासक्रमाचे वर्ग तुमच्याकडे आहेत. पुस्तकी भाग आता, पाण्यावरचा उन्हाळ्यात. रेडिओचा परवानाही कॅनडात लागतो, परीक्षा छोटी आहे, तू आधी दे. नवऱ्याकडून शिकू नकोस. तो कितीही प्रेमळ असला तरी तो सहा वर्षं पुढे आहे, आणि तुझी चूक व्हायच्या आत त्याचा हात पुढे येईल. परक्या शिक्षकासमोर चूक करून बघता येते.

मग जानेवारी-फेब्रुवारीत, वारा सगळ्यात जोराचा असताना, दोन आठवडे भाड्याची बोट घ्या, कप्तानासह. एप्रिलमध्ये नाही. एप्रिलची हवा गोड असते आणि ती तुला काहीच सांगणार नाही. त्या दोन आठवड्यांत निम्मे दिवस नांगर तू टाकायचास आणि निम्मे दिवस स्वयंपाक त्याने करायचा. तो हे करायला कां-कूं करत असेल, तर तुझ्या पत्रातल्या ‘काय करू?’चं उत्तर तुला तिथेच मिळेल, आणि मग नाही म्हणताना खापर कुणाचं याचा विचार करायची गरज नाही.

बोट विकत घ्यायचीच झाली तर तपासणीच्या वेळी तूही हजर राहा. तिथल्या जुन्या बोटींमध्ये वादळात सापडून दुरुस्त केलेल्याही असू शकतात, तेव्हा सर्व्हेअर तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. ओट्यापाशी उभी राहून बघ, कमरेला पट्टा बांधायची सोय आहे का, दोन्ही बाजूंनी टेकता येतं का. झोपायच्या जागी वारा येतो का. इंजिनची किल्ली फिरवून बघ. कागदावर नाव दोघांचं. विमा कंपनीला चक्रीवादळाच्या मोसमात बोट कुठे असलेली चालते ते लेखी विचारा. पासपोर्ट अजून भारतीय असतील तर प्रत्येक बेट वेगळा देश धरून व्हिसा तपासा. मार्टिनिक हा फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही.

आणि गेलातच, तर पहिला महिना ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावरच राहा. त्याला घाई असेल, नकाशावर बेक्विया दिसत असेल. त्याला थांबव. त्या महिन्यात तू एकटीने डिंगी चालवत भाजीला जाऊन ये, एकटीने रेडिओवर बोल, आणि तो किनाऱ्यावर असताना एकदा मुद्दाम इंजिन सुरू करून, साखळी वर घेऊन, नांगर परत टाकून दाखव. मुलगी पुढे उभी राहून खुणा करेल, दहा वर्षांची आहे, तिला जमतं.

फेब्रुवारीतले ते दोन आठवडे झाले की मला लिही. कुठली बेटं पाहिलीत ते नंतर. आधी हे कळव, की शेवटच्या रात्री नांगर कुणी टाकला, आणि पोळ्या कुणी केल्या.

तुझी,
ताई